घोडं नेमकं कुठं पेंड खातंय? मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचा वेग कसा मोजायचा

मोठ्या बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये नॉमिनीच्या नावाखाली त्याचा मोबाइल नंबर टाकायची सोय हवी आहे. स्क्रीनवर एक रकाना, दहा आकड्यांची तपासणी आणि डेटाबेसमध्ये एक कॉलम, एवढंच काम. डेव्हलपर सांगतो तीन दिवस, आणि तो खोटं बोलत नाही. तरी ग्राहकाच्या फोनवर तो रकाना दिसतो बेचाळिसाव्या दिवशी. उदाहरण रचलेलं आहे, पण ज्यानं अशा कंपनीत दोन-तीन वर्षं काढली आहेत त्याला यातला एकही टप्पा नवा वाटणार नाही.

अशा प्रत्येक कामाची संगणकावर एक नोंद होते, तिला टिकीट म्हणतात. या टिकिटाचा प्रवास दिवसागणिक मांडून बघू. प्रॉडक्ट ओनरनं, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्यानं, ते ‘रेडी’ केलं आणि ते सहा दिवस तसंच पडून राहिलं, कारण सगळ्यांच्या हातात आधीचं काम होतं. सातव्या ते नवव्या दिवशी कोड लिहून झाला. मग चार दिवस रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्यानं कोड तपासण्याची, वाट. चौदाव्या दिवशी रिव्ह्यू झाला, दोन किरकोळ दुरुस्त्या झाल्या. पुढचे आठ दिवस टेस्ट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी यंत्रणा, दुसऱ्या टीमनं अडवून ठेवलं होतं. तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी टेस्टिंग झालं आणि त्यात कळलं, की कोअर बँकिंगची, म्हणजे खात्यांची मूळ नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची, सर्व्हिस हा नवा रकाना पुढं पाठवतच नाही. त्या टीमकडे टिकीट टाकलं, नऊ दिवस गेले. चौतिसाव्या दिवशी पुन्हा टेस्टिंग, या वेळी पास. बदलांना मंजुरी देणाऱ्या चेंज बोर्डाची आठवड्याची बैठक नेमकी हुकली होती; मंजुरी आणि रिलीजची वेळ मिळेपर्यंत आणखी सात दिवस. बेचाळिसाव्या दिवशी डिप्लॉयमेंट, म्हणजे बदल ग्राहकांसाठी चालू.

बेरीज करा. टिकिटाला कुणाचा तरी हात लागला असे दिवस ८. नुसतं पडून राहिलं असे दिवस ३४. ४२ पैकी ८ म्हणजे १९ टक्के. या गुणोत्तराला फ्लो एफिशियन्सी म्हणतात. पहिल्यांदाच मोजणाऱ्या टीमला हा आकडा बघून धक्का बसतो आणि मोजण्यात चूक झाली असं वाटतं. बहुधा चूक झालेली असतेच, पण उलट दिशेनं: ‘हात लागला’ म्हणून धरलेल्या दिवसातही प्रत्यक्ष काम दोन-तीन तासच झालेलं असतं.

आता या टिकिटाला वेग द्यायचा तर काय कराल? डेव्हलपरला एआयचं साधन दिलं आणि कोड लिहायचा वेळ निम्म्यावर आणला, तर तीनाचे दीड दिवस होतील आणि ४२ चे ४०.५. तेच टेस्ट एन्व्हायर्नमेंटची वाट आठवरून दोन दिवसांवर आणली, तर ४२ चे ३६. तरीही बहुतेक ठिकाणी पैसा आणि दबाव दोन्ही कोड लिहिणाऱ्यावर जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ती ही अशी.

पॉइंटांची बेरीज कुणी सांगितली?

वेग कमी आहे असं वरच्या मजल्यावर ठरलं, की पहिला आकडा मागितला जातो तो व्हेलॉसिटीचा: एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्यात, टीमनं किती स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे गुण) पुरे केले. हे माप आलं एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीच्या मंडळींकडून, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. सुरुवातीला ते ‘आदर्श दिवसां’त अंदाज द्यायचे, म्हणजे कुणी मध्ये अडवलं नाही तर किती दिवस लागतील. प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट लागायचे. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का, असं लोक विचारू लागले, तेव्हा ‘दिवस’ हा शब्दच काढून ‘पॉइंट’ म्हणायला सुरुवात झाली. त्या गटातले रॉन जेफ्रीज यांनी पुढं लिहून ठेवलं, की पॉइंट बहुधा आपणच काढले आणि त्याचा आता पस्तावा होतो.

पस्तावा का, ते उघड आहे. पॉइंट हे टीमनं स्वतःपुरतं ठरवलेलं माप आहे. एका टीमचा ५ आणि शेजारच्या टीमचा ५ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. वरिष्ठांच्या स्टीअरिंग कमिटीसमोर ‘अ टीम ४५, ब टीम २८’ असा तक्ता गेला, की दोन-तीन स्प्रिंटमध्ये ब टीमसुद्धा ४५ वर पोचते. काम तेवढंच, काल जे ३ चं होतं ते आज ५ चं होतं, इतकंच. हे पकडणं सोपं आहे. पुऱ्या झालेल्या टिकिटांची संख्या तेवढीच आणि पॉइंट मात्र चढते, असं दिसलं की समजायचं, फुगवटा आहे.

इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात हेच निरीक्षण मांडलं होतं. त्याचं आज रूढ असलेलं रूप असं, की मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये याची ठराविक रूपं आहेत. कोड कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चालून गेलेल्या कोडचं प्रमाण, ८० टक्के हवं म्हटलं, की कोड चालवणारे पण निकाल न तपासणारे टेस्ट लिहिले जातात. बग कमी दाखवायचे असले, की बगचं नाव बदलून ‘ऑब्झर्व्हेशन’ किंवा ‘चेंज रिक्वेस्ट’ होतं. स्प्रिंटमधून काहीही पुढं ढकललं जाता कामा नये असा नियम झाला, की शेवटच्या दिवशी टिकीट बंद होतं आणि सोमवारी त्याच नावाचं ‘पार्ट २’ उघडतं. यात कुणी फार लबाड असतं असं नाही. आकड्यावर बोलणी खावी लागत असतील तर माणूस आकडा सांभाळतो, काम नंतर.

व्हेलॉसिटी टीमच्या आत, पुढच्या स्प्रिंटमध्ये साधारण किती घ्यावं यासाठी वापरायला हरकत नाही. दहा टीमच्या पॉइंटांची बेरीज करून आलेख काढणं मात्र रुपये, डॉलर आणि येन तसेच एकाखाली एक लिहून बेरीज मारण्यासारखं आहे.

चार आकडे पुरतात

त्याऐवजी टिकिटांकडे नुसत्या वस्तू म्हणून बघा. प्रत्येक वस्तू एका दिवशी आत येते आणि एका दिवशी बाहेर पडते. या दोन तारखांतून चार आकडे निघतात. आज आत किती टिकिटं आहेत, म्हणजे ‘विप’ (वर्क इन प्रोग्रेस). आठवड्याला किती बाहेर पडली, म्हणजे थ्रूपुट. बाहेर पडलेल्या प्रत्येकाला किती दिवस लागले, म्हणजे सायकल टाइम. आणि अजून आत असलेल्या प्रत्येकाचं आजचं वय.

यात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असतो ‘आत’ आणि ‘बाहेर’ कुठं धरायचं याचा, आणि तिथंच मोठ्या कंपन्या फसतात. डेव्हलपमेंट टीमचं ‘डन’ म्हणजे कोड मर्ज झाला (मुख्य कोडमध्ये मिसळला), क्यूएचं, म्हणजे चाचणी टीमचं, ‘डन’ म्हणजे टेस्ट पास झाले, रिलीज टीमचं ‘डन’ म्हणजे प्रॉडक्शनला, ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर, गेलं. पहिल्या दोघांचे डॅशबोर्ड हिरवे आणि ग्राहकाच्या हाती काही नाही, असं चित्र यातूनच तयार होतं. सॉफ्टवेअर कसं बनवावं याबद्दलच्या २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्यासोबत जी बारा तत्त्वं आली, त्यांत प्रगतीचं मुख्य माप म्हणून चालतं सॉफ्टवेअरच सांगितलं आहे. म्हणून शेवटची रेघ प्रॉडक्शनवरच ओढा. पहिली रेघ ‘हे करायचं’ असं ठरल्याच्या दिवशी.

या आकड्यांना बांधणारं एक सूत्र आहे. पुढं एमआयटीत गेलेले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. सरासरी सायकल टाइम म्हणजे विप भागिले थ्रूपुट. आषाढीला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही. समजा रांगेत ३६,००० माणसं आहेत आणि मिनिटाला ३० जण पायांवर डोकं ठेवून पुढं सरकताहेत, तर रांगेच्या शेपटाला उभं राहणाऱ्याला १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास लागणार. तो किती भक्तिभावानं उभा आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. तसंच टीमच्या आत ३६ टिकिटं असतील आणि आठवड्याला ६ बाहेर पडत असतील, तर नवं टिकीट सरासरी ६ आठवड्यांनी बाहेर येणार. ते ‘हाय प्रायॉरिटी’ केलं तर ते लवकर येईल आणि बाकीची पस्तीस तेवढी मागं सरकतील.

सूत्राला अटी आहेत, त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. येणारं आणि जाणारं काम साधारण सारखं हवं, आत आलेलं काम कधीतरी बाहेर पडायला हवं, आणि तिन्ही सरासऱ्या एकाच काळातल्या हव्यात. बॅकलॉग, म्हणजे शिल्लक कामाची यादी, नुसता वाढतच असेल, किंवा वर्षभर ‘इन प्रोग्रेस’मध्ये कुजणारी टिकिटं असतील, तर उत्तर चुकतं. म्हणून आधी झाडलोट: ज्या टिकिटाला तीन महिन्यांत कुणी हात लावला नाही, ते मालकाला विचारून बंद करा.

मग विप कमी करा. एकदम ३६ चं १८ करायला गेलात तर बंड होईल. आज जेवढं आहे तेवढीच मर्यादा पहिल्या दिवशी लावा, आणि दर आठवड्याला एक-दोन जागा कमी करत जा. टीमच्या बोर्डावर कामाच्या प्रत्येक टप्प्याचा एक कॉलम असतो; ज्या कॉलममध्ये टिकिटं साचून मर्यादा सारखी मोडली जाते, तिथं घोडं पेंड खातंय. मर्यादा वाढवून देण्याचा मोह तिथं टाळायचा. हात रिकामा असलेल्या डेव्हलपरनं नवं टिकीट न उचलता त्या कॉलममधल्या टेस्टिंगला किंवा रिव्ह्यूला जायचं.

मॅनेजरला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याला रिकामा माणूस दिसतो, रिकामं पडलेलं काम दिसत नाही. रांगांच्या गणितातलं सगळ्यात साधं प्रारूप घेतलं, एकच खिडकी आणि मनाला येईल तेव्हा येणारी गिऱ्हाइकं, तर खिडकी ५० टक्के वेळ गुंतलेली असताना वाट बघण्याचा काळ प्रत्यक्ष कामाच्या १ पट असतो. ८० टक्क्यांना तो ४ पट होतो, ९० ला ९ पट आणि ९५ ला १९ पट. प्रत्येकाचा दिवस शंभर टक्के भरलेला असावा असा ज्या कंपनीचा आग्रह असतो, तिथं काम पडून राहणं हे त्या आग्रहाचंच फळ असतं. एक सिक्युरिटी आर्किटेक्ट बारा टीमना मंजुरी देत असेल, तर हा १९ पटींचा हिशेब त्याच्या टेबलावर जाऊन बघावा.

सरासरी सांगू नका

समजा गेल्या दोन महिन्यांत बाहेर पडलेल्या वीस टिकिटांचे दिवस चढत्या क्रमानं असे आहेत: २, २, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ९, १०, ११, १३, १९, ३४, ५२. बेरीज २१०, सरासरी साडेदहा दिवस. मधलं मूल्य साडेसहा. दोन्हींत चार दिवसांचा फरक, आणि व्यवसायाकडच्या माणसाला यातला एकही आकडा कामाचा नाही. त्याला हवं असतं आश्वासन. ते असं काढा: वीसपैकी सतरावं टिकीट बघा, ते १३ दिवसांचं आहे. सतरा भागिले वीस म्हणजे ८५ टक्के. ‘शंभरातली पंच्याऐंशी कामं आमच्याकडे १३ दिवसांत किंवा त्याआधी होतात’, हे वाक्य सांगण्याजोगं आहे. साडेदहा दिवसांचा वायदा केला असता तर वीसातली पाच टिकिटं चुकली असती.

शेवटची तीन, १९, ३४ आणि ५२, ही आलेखातून ‘अपवाद’ म्हणून खोडू नका. त्यांच्याच कमेंट उघडून वाचा. बहुधा तिन्ही कुठल्यातरी बाहेरच्या टीमवर अडकलेली निघतात.

सायकल टाइमची अडचण ही की तो काम संपल्यावर कळतो, वरातीमागून घोडं. वय मात्र आज कळतं. म्हणून स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ‘काल काय केलं, आज काय करणार’ ही माणसांची हजेरी बंद करून बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, सगळ्यात जुनं टिकीट आधी. वर दिलेल्या टीमसाठी नियम असा बसेल: सातव्या दिवशी टिकीट अजून आत असेल तर विचारायचं, दहाव्या दिवशी दुसरा माणूस जोडायचा, तेराव्या दिवशी टीम लीडनं हातातलं टाकून त्याच्यामागं लागायचं. पंधरा मिनिटांत एवढंच होतं आणि तेवढं पुरतं.

‘कधी होईल?’ या प्रश्नालाही हीच आकडेवारी उत्तर देते. समजा गेल्या १२ आठवड्यांचं थ्रूपुट ४, ७, ५, ६, ३, ८, ५, ६, ०, ७, ५, ४ असं आहे आणि पुढं ४० टिकिटं आहेत. सरासरी ५, म्हणून ८ आठवडे, असा हिशेब सगळे करतात. आता या बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, एक उचला, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा उचला. बेरीज ४० होईपर्यंत किती आठवडे लागले ते बघा. कॉम्प्युटरकडून हे दहा हजार वेळा करून घ्या. एक्सेलमध्येही जमतं, याला माँटे कार्लो म्हणतात. या आकड्यांवर ८ आठवड्यांत काम पुरं होण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त निघते, आणि १० आठवडे धरले तर ती नव्वदच्या वर जाते. म्हणजे ‘आठ आठवडे’ म्हणणारा मॅनेजर नाणं उडवत असतो. आणि ते शून्य दिवाळीच्या आठवड्याचं आहे. ते काढून टाकायचा मोह होतो. पण पुढच्या दहा आठवड्यांत नाताळ आणि वर्षअखेरचा रिलीज फ्रीझ (नवं काही न सोडण्याचा काळ) येणार असेल, तर ते शून्य राहू द्या.

जिरा खोटं बोलतं

हे सगळं गणित जिरा या टिकिटं नोंदवायच्या साधनातल्या तारखांवर उभं आहे आणि त्या तारखा बऱ्याचदा चुकीच्या असतात. शुक्रवारी संध्याकाळी टीमचं कामकाज बघणारा स्क्रम मास्टर ओरडला म्हणून चौदा टिकिटं एकदम पुढं सरकतात. तपासणी सोपी आहे. कुठलीही दहा टिकिटं घ्या, त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या कमिटची (कोड जतन केल्याची) तारीख आणि प्रॉडक्शनच्या डिप्लॉयमेंटची तारीख शेजारी लिहा. तीनपेक्षा जास्त टिकिटांत दोन दिवसांहून अधिक फरक असेल, तर डॅशबोर्ड बनवायची घाई करू नका.

दुसरी चूक बोर्डाच्या रचनेत असते. ‘कोड रिव्ह्यू’ हा एकच कॉलम असला, की रिव्ह्यूची वाट आणि प्रत्यक्ष रिव्ह्यू एकात एक मिसळतात. ‘रिव्ह्यूसाठी तयार’ आणि ‘रिव्ह्यू चालू’ असे दोन कॉलम करा. टेस्टिंगचेही तसेच दोन. एवढ्या एका बदलानं ते ३४ दिवस दिसायला लागतात. मागं ढकललेली टिकिटं हा तिसरा घोळ: टेस्टिंगमधून परत डेव्हलपमेंटला गेलं की काही साधनांत घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तसं होऊ देऊ नका. वय पहिल्या प्रवेशापासूनच मोजायचं. शनिवार-रविवार वगळायचे की नाही, यावर तासभर वाद घालता येतो; ग्राहक कॅलेंडर बघून वाट पाहतो, म्हणून कॅलेंडरचे दिवस धरलेले बरे.

प्रॉडक्शनपाशी

सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या डोरा या संशोधन गटाचे चार आकडे आता बऱ्याच मोठ्या कंपन्यांत पोचले आहेत. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांचं हे काम. त्यांचं पुस्तक २०१८ मध्ये आलं आणि त्याच वर्षी गूगलनं डोरा विकत घेतलं. चार आकडे असे: कोड कमिट झाल्यापासून प्रॉडक्शनला जाईपर्यंतचा वेळ, डिप्लॉयमेंट किती वेळा होतं, त्यातली किती बिघडतात, आणि बिघडलं की सावरायला किती वेळ लागतो. पहिले दोन वेगाचे, पुढचे दोन स्थैर्याचे. त्यांच्या पाहणीतली खरी बातमी अशी, की वेग आणि स्थैर्य एकमेकांच्या मुळावर येत नाहीत. वारंवार आणि थोडंथोडं सोडणाऱ्या टीमच कमी पडझड करतात. कारण समजण्यासारखं आहे. दोनशे बदल एकदम सोडले आणि काही मोडलं, तर त्या दोनशेत शोधावं लागतं. तीन सोडले तर तिघांतच.

मोजताना खाचखळगे आहेत. महिन्यात ४० डिप्लॉयमेंट झाली आणि त्यातल्या ६ ना रोलबॅक (बदल मागं घेणं) किंवा हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) लागला, तर बिघाडाचं प्रमाण १५ टक्के. कुणी नुसत्या कॉन्फिगरेशनच्या बदलांनाही डिप्लॉयमेंट म्हणून मोजायला लागलं, तर छेद ८० होतो आणि काहीही न सुधारता प्रमाण साडेसात टक्के. सावरण्याचा वेळ इन्सिडेंटचं (बिघाडाचं) टिकीट उघडल्यापासून मोजला जातो, पण ग्राहकाचे पेमेंट त्याआधी चाळीस मिनिटं अडकत असतात. तो आधीचा काळ मॉनिटरिंगच्या लॉगमधून घ्यावा.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम म्हणजे साखळी जोडणं. टिकीट जिरामध्ये, डिप्लॉयमेंट जेनकिन्समध्ये, इन्सिडेंट आणि चेंज सर्व्हिसनाऊमध्ये, अशी तीन वेगळी साधनं, आणि तिघांत समान असं काहीच नाही. प्रत्येक कमिटच्या मेसेजमध्ये टिकिटाचा नंबर सक्तीचा करा, नसेल तर मर्जच होऊ देऊ नका. पाइपलाइननं, म्हणजे कोड आपोआप प्रॉडक्शनला नेणाऱ्या व्यवस्थेनं, डिप्लॉय करताना तो नंबर चेंज रेकॉर्डमध्ये आपोआप लिहावा. इन्सिडेंट बंद करताना ‘कुठल्या चेंजमुळं’ हा रकाना भरल्याशिवाय बंद होता कामा नये. ही तीन कामं झाली की आकडे विकत घ्यायच्या साधनांशिवायही निघतात.

आणि तुलना ज्याची त्याच्याशीच. मेनफ्रेमवरची कर्जाची प्रणाली आणि मोबाइल ॲप यांना एका तक्त्यात वर-खाली लावून काही कळत नाही. ॲप मागच्या तिमाहीपेक्षा कुठं आहे, मेनफ्रेम मागच्या तिमाहीपेक्षा कुठं आहे, एवढंच विचारा.

अडलेलं काम, कारणासह

मोठ्या कंपनीचा खरा आजार टीमच्या आत नसून दोन टीमच्या मधल्या जागेत असतो, आणि ती जागा कुणाच्याच डॅशबोर्डवर नसते. ती पकडायला साधी पद्धत आहे. टिकीट अडलं की त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: अडल्याची तारीख, सुटल्याची तारीख, कारण. कारणं सहा-सातच्या वर ठेवू नका: एन्व्हायर्नमेंट, दुसऱ्या टीमची सर्व्हिस, मंजुरी, प्रॉडक्ट ओनरचं उत्तर, रिव्ह्यू, टेस्ट डेटा. ‘इतर’ हे कारण ठेवलंत तर निम्मी टिकिटं तिथंच जातील. आठ आठवड्यांनी कारणनिहाय दिवसांची बेरीज करा. किती वेळा अडलं हे बघू नका, किती दिवस अडलं ते बघा. वीस वेळा तासभर अडलेल्यापेक्षा एकदा नऊ दिवस अडलेलं महाग असतं. यादीतलं पहिलं कारण घेऊन ज्याच्या हातात बजेट आहे त्याच्याकडे जा. ‘एन्व्हायर्नमेंट कमी पडतं’ या तक्रारीनं काही हलत नाही. ‘दोन महिन्यांत एन्व्हायर्नमेंटपायी ५८ दिवस गेले’ या वाक्यानं हलतं.

हिंजवडी-खराडीत बसून लंडन किंवा न्यूयॉर्कच्या बँकेचं काम करणाऱ्या टीमना यात एक खास कारण सापडतं. रिव्ह्यू करणारा न्यूयॉर्कला असेल, तर त्याचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. सकाळी अकराला टाकलेल्या पुल रिक्वेस्टवर (कोड तपासून मिसळून घ्यायच्या विनंतीवर) त्याची शंका रात्री येते, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी जातं, पुढची शंका पुन्हा रात्री. तीन शंका म्हणजे तीन दिवस, आणि लोकांच्या हातून गेलेला वेळ मिळून अर्धा तास. उपाय दोन. पहिला रिव्ह्यू पुण्यातच व्हावा आणि न्यूयॉर्कची सही फक्त ठरावीक फायलींपुरती लागावी. किंवा पुल रिक्वेस्टच लहान ठेवा. दोनशे ओळींत तीन शंका निघत नाहीत. एआयनं लिहिलेला कोड आता भारंभार येतो आणि हीच रांग वाढवतो, म्हणून पुल रिक्वेस्टचा आकार आणि पहिल्या प्रतिसादापर्यंतचा वेळ हे दोन आकडे अलीकडे जास्त मोलाचे झाले आहेत.

एक पथ्य कडक पाळा: यातला कुठलाही आकडा एका माणसाच्या नावावर काढू नका, आणि ॲप्रेझलच्या फाइलमध्ये तर मुळीच नको. ज्या दिवशी ‘कुणी किती टिकिटं बंद केली’ हा तक्ता निघतो, त्या दिवसापासून दुसऱ्याचा रिव्ह्यू करणं हा तोट्याचा धंदा होतो, अवघड टिकीट कुणी उचलत नाही, आणि अडलेलं टिकीट ‘अडलं’ म्हणून कुणी लिहीत नाही. मग वरची सगळी आकडेवारी कचरा.

आता बेचाळीस दिवसांच्या त्या टिकिटाकडे परत. चेंज बोर्डासाठी गेल्या सहा महिन्यांतले त्याच प्रकारचे बदल काढा: ॲपच्या स्क्रीनवर रकाना वाढवणं, ऑटोमेटेड टेस्टसह, रोलबॅकची सोय असलेले. त्यातला एकही बिघडला नसेल, तर त्या प्रकाराला ‘स्टँडर्ड चेंज’ म्हणून पूर्वमंजुरी मागा, आणि बिघाडाचं प्रमाण दर महिन्याला बोर्डासमोर ठेवायची तयारी दाखवा. बोर्डातली माणसं अडेलतट्टू नसतात. त्यांना हा पुरावा सहसा कुणी दिलेला नसतो. सातचा एक दिवस होतो. रिव्ह्यू टीममध्येच आणला तर चाराचा एक. एन्व्हायर्नमेंटचं वेळापत्रक लावलं तर आठाचे दोन. पडून राहण्याचे दिवस ३४ वरून १९ आणि एकूण ४२ वरून २७, कोड लिहिणाऱ्याला एका शब्दानंही न टोकता.

उरलेल्यातले सहा दिवस सुरुवातीच्या रांगेतले, ते विप उतरल्यावर उतरतात. कोअर बँकिंगकडचे नऊ दिवस मात्र तसेच राहतात. त्या टीमच्या हिशेबात ते टिकीट त्यांच्याकडे पोचल्याच्या दिवशी जन्मलं, म्हणून त्यांच्या दृष्टीनं ते ताजं असतं. दोन्ही टीमच्या बोर्डांवर त्याचं वय एकाच तारखेपासून, नॉमिनीचा रकाना ‘रेडी’ झाल्याच्या दिवसापासून, दाखवा. मग त्यांच्या स्टँडअपमध्ये ते चोविसाव्या दिवसाचं, जुनं म्हणून सगळ्यांच्या आधी वाचलं जातं.